गोव्यातून ग्रह बघताना आणि टिपताना: या चुका टाळा

चवथ झाली, पाऊस ओसरायला लागला की मला फोन यायला सुरुवात होते. कुणी नवी दुर्बीण घेतलेली असते, कुणी माळ्यावरची जुनी खाली काढलेली असते आणि तक्रार ठरलेली: "गुरू नुसता पांढरा गोळा दिसतो, पट्टे कुठे आहेत?" मग मी एखाद्या संध्याकाळी जाऊन बघतो. बहुतेक वेळा दुर्बीण धडधाकट असते. चूक असते ती कुठे ठेवली, किती वाजता लावली आणि पावसाळाभर कशी सांभाळली यात.

याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ग्रह बघायला आपली जागा फार चांगली आहे. गोवा साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे ग्रह आपल्याकडे आकाशात खूप वर चढतात. २०१८ च्या सुमारास शनी दक्षिणेकडे होता, तेव्हा लंडनहून तो जास्तीत जास्त १६ अंशांवर यायचा. आपल्याकडे ५२ अंशांवर. ग्रह जेवढा वर, तेवढा मधला हवेचा थर पातळ. "आपल्या दमट हवेत काही जमणार नाही" असं म्हणणाऱ्यांना मी फिलिपिन्समधल्या सेबूचं उदाहरण देतो. तेही समुद्रकाठी, तेही दमट, अक्षांश १०. तिथल्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने २००६ च्या फेब्रुवारीत ११ इंची दुर्बिणीतून गुरूवरचा एक पांढरा डाग तांबडा झाल्याचं जगाच्या लक्षात आणून दिलं.

स्लॅबवर दुर्बीण मांडणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती सगळ्यात सोपी वाटते. गच्ची मोकळी, आकाश पूर्ण दिसतं, माड आड येत नाहीत. म्हणून दिवे लागल्याबरोबर लोक दुर्बीण वर घेऊन जातात. पण दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत ऊन ओकत असतो. शेजारची मंगलोरी कौलं, चिऱ्यांची भिंत, पत्र्याची शेड, एसीचं बाहेरचं यंत्र, सगळ्यांतून गरम हवा वर चढत असते. चुलीवरच्या हवेतून पलीकडचं माणूस जसं हलताना दिसतं, तसा ग्रह हलतो. आणि १५० पट मोठेपणात ते हलणंही १५० पट होतं.

२१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ मी विसरणार नाही. गुरू आणि शनी एकमेकांपासून अंशाच्या दहाव्या भागाएवढ्या अंतरावर आले होते. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. दुर्भाटला मेहुण्याच्या घरी सगळे जमले. नैऋत्येला आकाश मोकळं म्हणून मी माझी सहा इंची डॉब्सोनियन (खालच्या लाकडी पाटावर फिरणारी, आरशाची दुर्बीण) गच्चीवर मांडली. साडेसहाला दोन्ही ग्रह आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, एकत्र आले आणि दोघेही उकळत होते. समोर दोन घरांची कौलं, पलीकडे पत्रा, आणि ग्रह आधीच खाली उतरलेले, म्हणजे आमची नजर थेट त्या गरम हवेतून जात होती. मेहुण्याच्या आईला दोघांनी हात धरून जिना चढवून आणलं होतं. त्यांनी डोळा लावला, थोडा वेळ पाहिलं आणि "दोन दिवे दिसतात रे" म्हणाल्या.

मी फोकस फिरवत बसलो. वीस मिनिटं त्यात गेली. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, बांधावर नेऊया का?" त्याने खालचा पाट उचलला, मी नळी उचलली आणि आम्ही खाजनाच्या बांधावर पोचलो. समोर भरतीचं पाणी, त्यापलीकडे नुसता अंधार. तीच दुर्बीण, तोच १० मिलिमीटरचा आयपीस, आणि ग्रह आणखी खाली गेलेले. तरी शनीची कडी ग्रहापासून सुटी दिसली आणि गुरूचे चंद्र टाचणीच्या टोकाएवढे स्वच्छ. वाड्यावरची पोरं रांग लावून बघत होती. आजींना मात्र अंधारात त्या बांधावरून आणता आलं नाही. ते माझ्या मनाला अजून लागतं.

तेव्हापासून मी दुर्बीण मातीवर किंवा गवतावर मांडतो. सारवलेलं अंगण असेल तर उत्तम. पाण्याच्या बाजूला तोंड करता आलं तर त्याहून उत्तम. गच्चीशिवाय इलाज नसेल, तर जेवण वगैरे उरकून अकरानंतर जा आणि ग्रह छपरांच्या बराच वर येईपर्यंत थांबा. मात्र अगदी डोक्यावर आलेला ग्रह डॉब्सोनियनने धरायला जाऊ नका. तिथे ती नीट फिरत नाही, अर्धा तास थांबलात तर तोच ग्रह सहज हाती येतो. हवा कशी आहे ते कळायला एक तेजस्वी तारा घ्या आणि फोकस थोडा बिघडवा. गोल चकतीवरून लाटा वाहताना दिसल्या, तर कॅमेरा बाहेर काढायची घाई करू नका.

पणजीत राहणारे मांडवीतल्या कॅसिनोंच्या झगमगाटाला दोष देतात. धूसर तेजोमेघांसाठी ते खरं आहे, ग्रहांसाठी नाही. भर शहरात, जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या सार्वजनिक वेधशाळेतून पणजीकरांनी वर्षानुवर्षं शनी पाहिला आहे. ग्रहांना स्थिर हवा लागते, अंधाराचा हट्ट धरू नका.

पावसाळ्यात पेटी बंद करून ठेवणे

जूनच्या पहिल्या पावसाबरोबर लोक दुर्बीण फोमच्या पेटीत घालतात, वर प्लास्टिक गुंडाळतात, कपाटात ठेवतात आणि ऑक्टोबरपर्यंत विसरतात. काळजी घेतली असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांनी बुरशीसाठी घर बांधून दिलेलं असतं. फोम हवेतली ओल शोषतो आणि धरून ठेवतो, अंधार असतो, वारा नसतो. बुरशीला आणखी काय हवं?

माझा ६ मिलिमीटरचा आयपीस आणि बार्लो (मोठेपणा वाढवणारं जोडभिंग) असेच गेले. चवथीच्या आधी साफसफाई करताना पेटी उघडली, वास आला, आणि टॉर्च तिरका धरला तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे, मधून फुटून कडेपर्यंत गेलेले. वरचा थर पुसता आला. पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता, तो डाग तसाच राहिला. त्या आयपीसमधून आजही चंद्राभोवती धुकट कडं दिसतं.

आता माझे आयपीस, बार्लो आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या, पोहे ठेवतो तशा डब्यात असतात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. दाण्यांचा रंग बदलला की मी ते वेगळ्या काढलेल्या तव्यावर अगदी मंद आचेवर सुकवतो आणि थंड झाल्यावर परत घालतो. नळी मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. सुती कापड टाकून वारा खेळत्या खोलीत ठेवावी आणि पाऊस उघडलेल्या दिवशी तासभर मोकळी करावी. ऊन दाखवायचं ते रिकाम्या पेटीला. दुर्बिणीला उन्हात ठेवू नका, आरसा सूर्याकडे वळला तर आग लागते.

आरशावर धूळ दिसली म्हणून रुमालाने पुसणाऱ्यांना हात जोडून विनंती: पुसू नका. थोड्या धुळीने ग्रहाचं काही बिघडत नाही, ओरखड्यांनी बिघडतं. आरसा फारच खराब झाला तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात ओला कापूस, तो स्वतःच्या वजनाने सरकू द्यायचा, दाबायचा नाही.

मोठेपणाचा हव्यास

खोक्यावर ६७५ पट लिहिलेलं असतं. ६० मिलिमीटरची दुर्बीण, ९०० मिलिमीटर फोकल लांबी, ४ चा आयपीस आणि त्यावर ३ पट बार्लो, ९०० भागिले ४ गुणिले ३, गणित बरोबर येतं. पण भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दुपटीपुढे नवं काही दिसत नाही, म्हणजे तिथे १२०. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे २० पटीने. सुरुवात सगळ्यात जास्त मिलिमीटरच्या आयपीसने करा आणि हवा परवानगी देईल तेवढंच पुढे जा.

विषुववृत्तीय स्टँड आला तसा वापरणे

या स्टँडचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो. त्याची अक्षांशाची पट्टी खोक्यातून येते तेव्हा बऱ्याचदा ४० च्या आसपास असते. आपल्याकडे ती १५ ते १६ वर हवी. इतक्या खाली आणल्यावर वजनाचा दांडा काही स्टँडच्या पायाला आपटतो, म्हणून मोटर लावण्याआधी हाताने पूर्ण फिरवून बघा. ध्रुवतारा १५ अंशांवरच असतो, माडांमागे लपतो. तेव्हा कंपासने उत्तर धरा, गुरू बघायला तेवढं पुरतं.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर

काच लगेच घामेजते. मी दुर्बीण तासभर आधी सोप्यावर आणून ठेवतो, झाकण लावूनच.

आयपीसला लावायची सूर्याची काच

स्वस्त दुर्बिणींसोबत येणारी ती छोटी काळी काच फेकून द्या. सूर्याचा सगळा ताप तिथेच एकवटतो, काच तडकते आणि डोळा जातो. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला, कासरगोडला कंकण दिसत होतं आणि आपल्याकडे खंडग्रास, एक बाप मुलाला घेऊन तशी काच लावून आला होता. मी ती काढली आणि चिऱ्यावर आपटून फोडली. त्याला राग आला असेल, पण मला खेद नाही. सूर्याची गाळणी (फिल्टर) नळीच्या तोंडावरच बसवायची आणि बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही झाकण घालायचं.

पाच सेकंद बघून उठणे

गेल्या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, डिचोलीचा एक मुलगा दुर्बीण परत करायला निघाला होता. "काका, शनीला कडीच नाहीत." त्या वर्षी २३ मार्चला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली होती आणि नोव्हेंबरात कडी पुन्हा जवळजवळ रेघेएवढी बारीक झाली होती. मी त्याला स्टूल आणायला सांगितलं. म्हटलं, वीस मिनिटं उठायचं नाही आणि मोबाईल खिशात. हवा मधूनच एक-दोन सेकंद शांत होते, तेवढ्यात दिसतं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला तो हळूच म्हणाला, "सुई आरपार गेलीय." बघणं शिकावं लागतं. माणसं तेवढा वेळ न देता कॅमेऱ्यावर पैसे घालतात हे मला पटत नाही.

टिपताना

कोलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली जुळणी, बिघडलेल्या दुर्बिणीचा कुठलंही सॉफ्टवेअर उद्धार करत नाही. गाडीतून नेली की दरवेळी तपासा. फोकस गुरूच्या पट्ट्यांवर धरू नका, त्याच्या एखाद्या चंद्रावर धरा, तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत. बार्लो निवडताना कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या आणि पाचने गुणा. बार्लो लावून दुर्बिणीचा एफ आकडा (फोकल लांबी भागिले व्यास) साधारण तेवढा यायला हवा. २.९ मायक्रॉनला साधारण एफ/१५. त्याच्या फार पुढे गेलात तर चित्र मोठं आणि काळोखं होतं, तपशील तेवढाच राहतो.

दहा मिनिटांचा व्हिडिओ एकत्र स्टॅक करणारे, म्हणजे त्यातल्या फ्रेम एकावर एक रचून एकच चित्र काढणारे, बरेच भेटतात. गुरू दहा तासांच्या आत एक फेरी पूर्ण करतो. तो ४६ विकलांएवढा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दिसत असेल, तर मधला तपशील मिनिटाला पाव विकला सरकतो. सहा इंची दुर्बीण पाऊण विकला वेगळी करते, म्हणजे तीन मिनिटांच्या पुढे तुम्ही स्वतःच चित्र पुसता आहात. मी दोन मिनिटांवर थांबतो आणि लगेच दुसरा व्हिडिओ घेतो, एका रात्रीत वीस-पंचवीस. एक्स्पोजर पाच ते दहा मिलिसेकंद, मग ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या उत्तम दहा-पंधरा टक्के फ्रेम.

आणि रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, चित्र धारदार करणाऱ्या त्या वेव्हलेटच्या सरकपट्ट्या. नवशिक्या माणसाचा हात तिथे थांबत नाही. गुरूच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी वर्तुळं दिसू लागली, पट्टे तारेच्या जाळीसारखे कोरीव झाले, की समजावं तो तपशील गुरूवर नाही. मी रात्री चित्र तयार करून तसंच ठेवतो आणि सकाळी चहा घेताना पुन्हा बघतो. जवळजवळ दरवेळी सगळं निम्म्यावर आणावं लागतं. मूळ व्हिडिओ वर्षभर पुसत नाही, हात सुधारला की त्याच फाइलमधून पुढच्या पावसाळ्यात जास्त चांगलं चित्र निघतं.