दिवसा ड्रॉइंग, रात्री थ्रीडी? अजिबात नको

कोल्हापुरातल्या छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात सँक्शन ड्रॉइंग (बांधकाम मंजुरीचे नकाशे) करणारा आणि थ्रीडी व्ह्यू काढणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. त्याला सल्लाही ठरलेला मिळतो: दिवसा ड्रॉइंग कर, रात्री व्ह्यू. मी वर्षभर तसं केलं. रात्री अकराला डोळे चुरचुरतात, खिडकी सहा इंच सरकते आणि ते दोन महिन्यांनी साइटवर कळतं.

दिवस वाटू नका, वार वाटा. सोमवार ते गुरुवार फक्त ड्रॉइंग, कारण मिस्त्रीचे फोन सकाळीच येतात आणि तेव्हा मॉडेलला मटेरियल (रंग, पोत) लावत बसलात तर दोन्ही कामं बोंबलतात. शुक्रवार-शनिवार थ्रीडी. साहेबांशी हे आधीच बोलून घ्या.

आता खरी अडचण, म्हणजे ड्रॉइंग थ्रीडीत नेणं. ‘इम्पोर्ट करा, झालं’ असं सांगणाऱ्यानं ते कधी केलेलं नसतं. आधी फाइल दुसऱ्या नावानं सेव्ह करा. डायमेन्शन, टेक्स्ट, हॅच (भरावाच्या तिरक्या रेषा) उडवा. मग ऑटोकॅडच्या ‘ओव्हरकिल’नं एकावर एक बसलेल्या रेषा काढा, ‘फ्लॅटन’नं सगळं एका पातळीवर आणा, ‘पर्ज’ मारून न वापरलेले लेयर, ब्लॉक काढा. सर्व्हे शीटवर काढलेला प्लॅन मूळ बिंदूपासून लाखो मीटर दूर असू शकतो. तो तसाच स्केचअपमध्ये, म्हणजे थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये, नेला की रेषा थरथरतात आणि फेस (रेषांमधले पृष्ठभाग) बनत नाहीत. मी यात तीन दिवस घालवले, कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, रॅमही वाढवली. इलाज एवढाच होता की इमारतीचा एक कोपरा शून्य-शून्यवर आणायचा. शेवटी युनिट. मिलिमीटरची फाइल इंच समजून आली, तर २३० ची भिंत १९ फूट जाड होते. तेवढं निदान दिसतं तरी. म्हणून एक ९०० चा दरवाजा मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका.

यापेक्षा वाईट चूक मुकाट्यानं होते. राजारामपुरीतल्या एका घराच्या मालकांनी फोनवर सांगितलं, “व्ह्यूत ती खिडकी खालपर्यंत घ्या की.” मी मॉडेलमध्ये घेतली, ड्रॉइंग उघडलंच नाही. त्यांनी व्ह्यू व्हॉट्सअ‍ॅपवर मिस्त्रीला पाठवला. मिस्त्रीच्या हातात माझं ड्रॉइंग होतं, त्यात सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, ९०० वर. फोनवरचं चित्र मात्र रंगीत होतं. त्यानं चित्र बघून काम केलं. मग तिथं नुसती भिंतच परत चढवावी लागली नाही, तर माझं थ्रीडीचं बिलही त्यात गेलं. “तुमच्याच फोटोत हाय की वो,” मिस्त्री म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

तेव्हापासून बदल आधी ड्रॉइंगमध्ये, मग मॉडेलमध्ये. उलटं कधीच नाही. फोनवरचा बदल लगेच करत नाही, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा’ म्हणतो. नवी रिव्हिजन आली की सगळं पुन्हा उभं करत नाही. नवा प्लॅन लाल रंगात जुन्यावर टाकतो आणि लाल रेष सुटी दिसेल तेवढंच दुरुस्त करतो. प्रत्येक व्ह्यूच्या कोपऱ्यात ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, तारीख आणि ‘बांधकामासाठी नाही’ हे असतंच. साहेबांना ते दिसायला वाईट वाटतं. वाटू दे.

भिंती उचलणं, मटेरियल लावणं एका दुपारचं काम. ऊन मात्र अंदाजानं टाकू नका: लोकेशन कोल्हापूर द्या, अक्षांश १६.७ उत्तर. मे ते जुलै दुपारचा सूर्य इथं डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळं तेव्हा उत्तरेच्या छज्ज्याचीही सावली भिंतीवर पडते.

फायनल रेंडर (मॉडेलचं पक्कं चित्र, याला तासन्‌तास लागतात) शनिवारी घरी जाताना लावा, यूपीएस तपासून. मालकांना फक्त जेपीजी द्या. मॉडेल मागितलं तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते आधीच सांगा.