तांबडा रस्सा: झणका ठेवून चरबी कशी काढायची?

"तिखटानं चरबी जळते," असं मटणाच्या ताटावर बसून सांगणारा कोल्हापुरात घरटी एक तरी सापडतो. अगदीच थाप नाही ती. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनमुळे येतो. उंदीर आणि हॅमस्टरवरच्या प्रयोगांत त्यानं रक्तातलं कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलंय. यकृत कोलेस्टेरॉलपासून चरबी पचवणारी पित्ताम्लं बनवतं. काम झालं की ही आम्लं आतड्यातून बहुतेक परत शोषली जातात. कॅप्सेसिन दिलेल्या प्राण्यांत ती शौचावाटे जास्त बाहेर पडली. मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. माणसांत मात्र हा परिणाम किरकोळ आणि बेभरवशाचा. त्यामुळे मिरचीच्या जिवावर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करू नका.

चरबी भांड्यातूनच काढायची, पण कधी काढता याला महत्त्व आहे. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. तयार रश्श्यावरचा कट, म्हणजे तेलाचा तवंग, मी एकदा हौसेनं पळीनं काढला, तर कटाबरोबर झणकाही गेला. "हे पथ्याचं कुणासाठी केलंय?" असं घरात ऐकावं लागलं. तेव्हापासून चटणी (लाल मिरचीचा मसाला) पडायच्या आधीच, अळणीतून, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्यातून, चरबी काढतो.

१. मटण घेतानाच वरची चरबी काढून मागा. शनिवारी संध्याकाळी हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवा. अळणी गाळा, कोमट झाली की मटण आणि अळणी वेगवेगळ्या डब्यांत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी अळणीवर पांढरट, मेणासारखा थर धरलेला असतो. चमचा कडेनं घातला की पापुद्र्यासारखा उचलून येतो. एवढी चरबी पोटात जात होती, हे बघून पहिल्यांदा जरा दचकायला होतं.

२. वाटणात सुकं खोबरं नेहमीच्या निम्मं घ्या. त्यात कोलेस्टेरॉल नसतं, पण वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल असतं आणि तेही संपृक्त. म्हणून कोरडंच भाजा, वरून तेल नको. कांदा, तीळ, खसखस नेहमीसारखं.

३. चार माणसांना दोन टेबलस्पून तेल पुरतं. एका टेबलस्पूनमध्ये साधारण १४ ग्रॅम चरबी असते, म्हणून बाटली तिरकी करून ओतू नका, मोजा. तेल तापलं की गॅस बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग चटणी घाला. कडकडीत तेलात ती करपून कडू होते. कोमटसर तेलात रंगही सुटतो आणि तिखटही. लगेच वाटण परता, मग अळणी आणि मटण घालून चांगली उकळी आणा.

चटणी डंकावर कांडून आणणार असाल तर रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. तेल कमी असताना नुसत्या ब्याडगीवर भागत नाही. रस्सा लालभडक दिसतो, पण जिभेला काही कळत नाही.

मूळव्याध किंवा आम्लपित्त असेल तर हात आखडता घ्या. आणि ठसका लागला तर पाण्याच्या तांब्याकडे धावू नका, पाण्यानं तिखट तोंडभर पसरतं. दह्यातलं केसिन कॅप्सेसिनला धरून नेतं, म्हणून ताटात वाटीभर दही-कांदा असू द्या.