लिंबू बंद केलं, दुपट्टा धरला

एप्रिलमध्ये वावरातली पऱ्हाटीची धसकटं वेचायला जायच्या आधी मी तोंडाला, हातांना लिंबू-बेसन लावायची. उन्हानं काळं पडू नये म्हणून. यवतमाळकडचं ऊन, सकाळी नऊलाच चटके देतं. एक दिवस लिंबाचा रस कोपरापर्यंत ओघळला होता, तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी नेमक्या त्या ओघळांवर लाल पट्टे, मग बारीक फोड. भाजल्यासारखी आग!

डॉक्टर म्हणाले, लिंबाच्या रसातलं एक द्रव्य उन्हाशी मिळून कातडी भाजतं. म्हणजे ज्याला औषध समजत होते, त्यानंच घात केला. काळे डाग जायला दोन-अडीच महिने लागले.

आता पहाटे साडेपाचला निघते, दहाच्या आत घरी. मालकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला घट्ट विणीचा सुती दुपट्टा, डोळे तेवढे उघडे. विरळ दुपट्ट्यातून ऊन आत येतंच, उजेडाला धरून पाहा. उघड्या भागाला एसपीएफ (ऊन किती अडवतं ते सांगणारा आकडा) ३० चं सनस्क्रीन, म्हणजे ऊन अडवणारं मलम, दर दोन तासांनी परत.

कोरफड सोडली नाही. परसातलं पान कापून उभं ठेवते, पिवळा चीक गळू देते, धुते आणि आतला गर संध्याकाळी लावते. गार वाटतं. पण कोरफड असो की खोबरेल, त्यांच्या भरवशावर उन्हात जाऊ नका. आणि बायांनो, लेकरांच्या तोंडाला तर लिंबू लावूच नका.