वस्तऱ्याला गंज चढतो तो कुठून? पावसाळ्यात या चुका टाळा

कोकणातल्या घरी एका जूनमध्ये मी कार्बन पोलादाचा (स्टेनलेस नव्हे, सहज गंजणाऱ्या साध्या पोलादाचा) एक वस्तरा पुसून, चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवला आणि थेट गणपतीत बाहेर काढला. पाते लखलखीत होते. परंतु भिंग धरून पाहिले, तेव्हा धारेच्या कडेला सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके ओळीने दिसले आणि मुठीच्या आत, पाते ज्यावर फिरते त्या खिळीभोवती, तांबूस कडे उमटलेले होते. वस्तरा मी पुसला होता, पण जिथे हात सहज पोहोचतो तेवढाच. आणि राहिलेली ओल मी स्वतःच म्यानात कोंडली होती.

चामडे हवेतील दमटपणा शोषून घेते आणि तो दिवसेंदिवस पोलादाला चिकटवून ठेवते. म्हणून म्यान किंवा चामड्याची धोकटी प्रवासापुरती ठीक; चार महिन्यांच्या मुक्कामासाठी ती वापरणे ही सर्वांत मोठी चूक आहे. वस्तरा वर्तमानपत्रात गुंडाळणे किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणे हेही तितकेच घातक, कारण आत राहिलेल्या थेंबाला बाहेर पडायला वाट उरत नाही.

पुसण्यातही बहुतेकांची गफलत होते. पात्याच्या दोन्ही बाजू कोरड्या केल्या, तरी मुठीच्या दोन पट्ट्यांमधले आणि खिळीजवळचे पाणी तसेच राहते. पाठीकडून धारेकडे मऊ कापड फिरवावे, मुठीच्या फटीतून टिश्यू कागदाची घडी ओढून घ्यावी आणि वस्तरा उघडा ठेवून पंख्याखाली दोन-तीन तास वाळू द्यावा. धार टोकाला एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असते. म्हणूनच पात्याच्या रुंद भागाला जो गंज जाणवतही नाही, तो धारेचा मात्र पार चुरा करतो, आणि मग निसण्यावर ती नव्याने काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तुरटीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. दाढीनंतर गालावर तुरटी फिरवायची आणि त्याच ओल्या हाताने वस्तरा मिटायचा, ही सवय घरोघरी आहे. तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते आणि त्याचा एक ओघळ रात्रभर राहिला, तरी साध्या पोलादावर डाग पडतो. आधी वस्तरा धुऊन पुसून बाजूला ठेवावा, तुरटी त्यानंतरच हातात घ्यावी.

न्हाणीघरातील फळी ही वस्तऱ्याची जागा नव्हे, हे सांगायला नकोच. मुंबईसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण येते: वातानुकूलित खोलीतील थंड वस्तरा दमट न्हाणीघरात नेला, की त्यावर दव धरते. समुद्रकाठच्या हवेतील क्षारांमुळे गंज अधिक वेगाने चढतो.

तेल लावणे आवश्यक आहे, पण कोणते? खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल हाताशी असते म्हणून लावले जाते. काही महिन्यांत ते खवट होते, त्याचा चिकट थर बसतो आणि त्यात धूळ अडकते. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन किंवा शिलाई यंत्राचे तेल उत्तम. कापडावर एक थेंब घेऊन पातळ थर द्यावा, खिळीत अर्धा थेंब सोडून वस्तरा दोन-चार वेळा उघडून मिटावा. तेल ओलीवर लावल्यास पाणी खालीच अडकते, तेव्हा वाळवण्याचा टप्पा गाळू नये.

यानंतर घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे. बुटांच्या खोक्यातून निघालेली पुडी बहुधा आधीच ओलीने भरलेली असते, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहणे चूक आहे. रंग बदलणारे दाणे घ्यावेत. निळे दाणे गुलाबी झाले, म्हणजे त्यांची शोषणक्षमता संपली असे समजावे.

जर्मनीतील सोलिंगेन वा इंग्लंडमधील शेफील्ड इथे बनलेल्या जुन्या वस्तऱ्यांना कधीकधी सेल्युलॉइडची (एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची) मूठ असते, आणि तिचा विषय वेगळा आहे. हे द्रव्य कुजू लागले, की त्यातून आम्लयुक्त वाफा निघतात. मूठ मिटल्यावर पात्याचा जेवढा भाग आत जातो, नेमका तेवढ्याच भागावर गंज दिसला आणि मुठीला आंबूस वास आला, तर दोष पावसाळ्याचा नाही. असा वस्तरा इतरांसोबत एका डब्यात मुळीच ठेवू नये. त्या वाफा शेजारच्या पात्यांनाही खातात. मूठ बदलून घेणे हाच त्यावरचा उपाय.

गंज दिसताच पितळेच्या भांड्यांप्रमाणे चिंच किंवा लिंबू चोळण्याचा मोह होतो. आम्लाने तांबूस डाग जातो खरा, पण त्याखालचे पोलादही कोरले जाते. तेलाचा थेंब आणि अगदी थोडे मेटल पॉलिश घेऊन धारेपासून दूर, पाठीच्या दिशेने हलक्या हाताने घासावे. पात्यावरची एकसारखी करडी झाक मात्र तशीच राहू द्यावी, कारण तो गंज नव्हे. बोटाला खडबडीत लागणारा तांबूस भाग तेवढा काढावा, आणि लगेच पुन्हा तेल लावावे.