मोगऱ्याची आळी मोडलीत का?

जोराची झड लागायच्या आत मोगऱ्याच्या बुंध्याभोवतीची आळी मोडा. बाकी सगळं नंतर.

पालघर जिल्ह्यात विक्रमगड, जव्हार, वाड्याकडे उन्हाळ्यात पाणी द्यायला झाडाभोवती खोलगट आळं करतात. ते हवंच. पण जूनमध्ये शेवटचे तोडे चालू असतात, दादरच्या फूलबाजाराला माल जात असतो, म्हणून आळ्याला कुणी हात लावत नाही. मग आर्द्रा बरसतात, आळ्यात पाणी तुंबतं, मुळं कुजतात आणि श्रावणात ओळीच्या ओळी वाळतात. दर साली हेच बघतोय.

आळ्याची कड फावड्याने आत ओढा आणि बुंध्याकडून बाहेर उतार होईल अशी मातीची भर द्या. दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेने वीतभर खोल चर काढा. भाताच्या खाचरात मोगरा लावला असेल तर सखल बाजूचा बांध फोडा. तो पाणी अडवायलाच घातलेला आहे. मुरमाड माळावर धोका कमी, तरी आळं ठेवू नका. आळ्यात बेडकाची पिल्लं वळवळताना दिसली, तर ते झाड गेलंच समजा. हा माझा ठोकताळा, पुस्तकात सापडायचा नाही.

पानं पिवळी पडली की लगेच दुकान गाठू नका. तिथे चिलेटेड अन्नद्रव्यं, ह्युमिक आणि वर एखादं टॉनिक गळ्यात मारतील. आधी माती उकरून मूळ बघा. पांढरं, टणक असेल तर ठीक. तपकिरी असेल, चिमटीत साल निसटत असेल, तर कुजतंय. त्याला टॉनिक पाजून काय होणार? लोह कमी असेल तर कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. त्याला साधं हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला ५ ग्रॅम, फवारलं तरी पुरतं. कुजताना मात्र खालची पानं आधी गळतात आणि माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं.

कूज दिसली तर आधी पाणी काढा, मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम घेऊन बुंध्याशी ओता. पाणी साचलेलं असताना औषध ओतणं म्हणजे पैसे चरात सोडणं. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी मित्रबुरशी) शेणखतातून द्यायचा असेल तर त्यानंतर पंधरा दिवस थांबा.

बाकी कामं:
– खत: तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाला वर्षाला ६०:१२०:१२० ग्रॅम नत्र-स्फुरद-पालाश, दोन हप्त्यांत. पावसाळी हप्ता उघडीप बघून.
– तण: हाताने; मुळांशी खोल कुदळ नको.
– किडक्या कळ्या: वेचून जाळा, बांधावर टाकू नका.
– छाटणी: आता नाही, नोव्हेंबरअखेर.

मेलेलं झाड मुळासकट उपटून जाळा. त्या खड्ड्यात यंदा नवं रोप लावू नका. खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या.