जुनी व्हीटेक की आजची टर्बो : दोन्ही चालवून फरक कसा ओळखायचा

टर्बो गाडीची (म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारी) सवय झालेला माणूस जुन्या, बिनटर्बोच्या होंडा सिटी व्हीटेकमध्ये बसला की पहिल्या दोन किलोमीटरमध्ये एकच वाक्य म्हणतो, "अरे, ही तर पळतच नाही." आणि ज्याने दहा-पंधरा वर्षं जुनीच गाडी चालवलीय तो फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीमधून उतरून म्हणतो, पळते जबरदस्त पण मजा नाय आली. दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांनीही समोरची गाडी आपल्या गाडीसारखी चालवलेली असते. म्हणून हे लिहितोय, कोणाला जुनी स्पोर्टी गाडी घ्यायचीय किंवा मित्राची एक दिवस हाती लागतेय तर तिच्याकडून नेमकं काय बघून घ्यायचं आणि नव्या गाडीकडून काय.

जुन्या म्हणजे मी कोणत्या धरतोय ते सांगतो. 2000 च्या आसपासची सिटी 1.5 व्हीटेक, 106 बीएचपी (इंजिनाची ताकद), वजन एक टनाच्या आसपास. फियाट पालिओ 1.6 जीटीएक्स, 100 बीएचपी, हीच ती कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी जिची जाहिरात सचिन करायचा आणि पेट्रोल पिण्यात जिचा हात कोणी धरला नाही. फोर्ड आयकॉन 1.6, 'जोश मशीन' म्हणून विकली ती. थोडी अलीकडची धरायची तर 2006 ची मित्सुबिशी सीडिया, 2 लिटरची. आणि नव्या म्हणजे चाकणला बनणारी व्हर्टस जीटी 1.5 टीएसआय, 150 पीएस (ताकदच, जवळपास बीएचपीएवढंच माप), 250 एनएम (ओढण्याचा जोर), किंवा ह्युंदाई आय20 एन लाइन, 1 लिटर टर्बो, 120 पीएस. पोलो जीटी टीएसआय मधे कुठेतरी बसते, 2013 ला आली आणि खरं तर आपल्याकडे 'छोटं टर्बो इंजिन' हा प्रकार सामान्य माणसाला हिनेच शिकवला.

सगळ्यात आधी रस्ता ठरवा. दोन गाड्यांची तुलना करायची तर तोच रस्ता आणि जमलं तर तीच वेळ, एक आज ट्रॅफिकमध्ये आणि दुसरी रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर असं केलं तर काहीच कळणार नाही. पुण्याकडच्यांना ताम्हिणी आहे, वाईकडून पाचगणीला जाणारा पसरणी घाट आहे, शनिवार-रविवारी दुपारी मात्र दोन्हीकडे जाऊच नका, तिथे तेव्हा गाडी चालवत नाहीत, रांगेत उभी करतात. एक्सप्रेसवे तुलनेसाठी सगळ्यात निरुपयोगी. सरळ रस्त्यावर 100 ची मर्यादा, घाटात 60, कॅमेरे आहेतच, आणि सरळ रस्त्यावर नवी गाडी जिंकणार हे घरी बसूनही सांगता येतं.

जुनी गाडी असेल तर निघायच्या आधी पाच मिनिटं द्या. टायरच्या साइडवॉलवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1217 असेल तर 2017 चा बारावा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसू दे, एवढ्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं आणि त्यावर केलेली तुलना म्हणजे गाडीची नाही, टायरची तुलना. कमी फिरणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये हे फार सापडतं, मालक अभिमानाने सांगतो टायर नवे आहेत, हो नवे आहेत, सात वर्षांपूर्वी. मग ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारा, कूलंटची पातळी बघा, आणि टायमिंग बेल्ट कधी बदललाय याचं बिल असेल तर उत्तम, कारण बेल्टवाल्या इंजिनांमध्ये तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात आणि तुमची टेस्ट ड्राइव्ह तिथेच संपते, मालकाशी मैत्रीपण.

आत बसल्यावर पहिला फरक इंजिन चालू करायच्या आधीच जाणवतो. जुन्या सिटीत तुम्ही खाली बसता, पाय जवळपास सरळ पुढे, डॅशबोर्ड बुटका, काचेच्या कडेचे खांब बारीक. वळणावर मान न हलवता पुढचा रस्ता दिसतो. नव्या गाडीत अपघातात टप टिकावं म्हणून खांब जाड केलेत आणि त्यात एअरबॅग भरलीय, त्यामुळे घाटातल्या उजव्या वळणावर समोरून येणारी अख्खी बाइक त्या खांबाच्या मागे लपू शकते. नव्या गाडीत म्हणून वळणाआधी थोडं पुढे झुकून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघायची सवय लावून घ्या.

आता इंजिन. सगळा गैरसमज इथेच होतो.

टर्बोचा जोर खाली असतो. व्हर्टसचा 250 एनएम 1600 आरपीएमपासूनच (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) हजर असतो आणि 3500 पर्यंत सपाट राहतो, म्हणजे तिसऱ्या गियरमध्ये चढावर 1800 ला असताना पाय दाबला की क्षणभर श्वास घेते आणि मग सीटला पाठ टेकवते. व्हीटेकमध्ये हेच केलंत तर काहीही होणार नाही, नुसती घरघर. ती गाडी खराब नाही, तुम्ही तिला चुकीच्या जागी विचारताय. त्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचे दोन प्रकारचे आकार आहेत, खालच्या आरपीएमला एक, आणि साधारण पाच हजारांच्या आसपास ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते आणि दुसरा आकार कामाला लागतो, व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडतात. आवाज बदलतो, एकदम दबका होता तो मोकळा होतो, आणि काटा सात हजारांच्या दिशेने उत्साहाने निघतो.

तेव्हा करायचं असं. एक मोकळा चढ निवडा, इंजिन पूर्ण गरम झालेलं असू दे, आधी दोन्ही गाड्या तिसऱ्या गियरमध्ये 2000 आरपीएमवरून ओढून बघा, मग खाली येऊन त्याच चढावर दुसऱ्या गियरमध्ये चार हजारांवरून. पहिल्या वेळी नवी गाडी जुनीला लाजवेल. दुसऱ्या वेळी जुनी जागी होते, आणि नवीचा जोर मात्र वर जाऊन जरा ओसरल्यासारखा वाटतो, खासकरून 1 लिटरच्या टर्बोत. दुसऱ्या वेळी नवी गाडी हळू होते असं नाही हां, घड्याळ लावलंत तर तीच पुढे असेल. पण जुनीत वेग तुम्ही मिळवलेला असतो आणि नवीत तो मिळालेला असतो, माझ्या मते सगळी भांडणं या एवढ्याच गोष्टीवरून आहेत.

पायाखालीही फरक आहे. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरला खरी वायर असते, पाय हलला की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) हलतो. नवीत पेडल हा एक सेन्सर, कॉम्प्युटर ठरवतो किती द्यायचं. शिवाय प्रदूषणाच्या नियमांमुळे बऱ्याच नव्या मॅन्युअल गाड्यांमध्ये पाय काढला तरी आरपीएम पटकन पडत नाही, वरच लटकून राहतो. जुन्या गाडीच्या वेगाने गियर टाकायला गेलात की झटका बसतो आणि लोक क्लचला दोष देतात. उपाय सोपा, गियर वर टाकताना न्यूट्रलपाशी अर्धा क्षण थांबा.

उतारावर उलटं. खालचा गियर टाकताना जुन्या गाडीला आरपीएम जुळवून द्यावा लागतो. ब्रेक दाबलेला असतानाच क्लच दाबा, उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवरच ठेवून त्याच पायाच्या बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्या, गियर खाली टाका, क्लच सोडा. ऐकायला सर्कस वाटते, आणि सुरुवातीला ब्रेक कमी-जास्त होऊन मान पुढे-मागे होतेच, म्हणून आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना. डीएसजीवाल्या (फोक्सवॅगनच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाडीत हे सगळं ती स्वतःच करते, तुम्ही फक्त पॅडल, म्हणजे स्टेअरिंगमागची पट्टी, ओढायचं. छान करते, तक्रार नाही. पण मॅन्युअल जुन्या गाडीत हे एकदा नीट जमलं की चेहऱ्यावर जे येतं ते पॅडलने येत नाही.

स्टेअरिंग थोडक्यात. जुनं हायड्रॉलिक, पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, रस्त्यावरची खडी, उतार, टायर कधी घसरायला लागलाय, सगळं बोटांपर्यंत येतं. नवं इलेक्ट्रिक, पार्किंगला हलकं, वेगात जड, बरोबर दिशा देतं पण गप्प असतं. तपासायचं तर 40 च्या वेगाने डांबराच्या ठिगळांवरून जा आणि पकड जरा सैल ठेवा, हात सोडू नका. जुन्या गाडीत प्रत्येक ठिगळ कळेल. पण स्टेअरिंग मधल्या जागी सैल वाटत असेल किंवा खड्ड्यात टकटक आवाज येत असेल तर तो 'जुन्या गाडीचा फील' नाही, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड (चाकाच्या जोडणीतले रबर आणि दांडे) गेलेत, गॅरेजला दाखवा.

ब्रेकवर जरा जास्त बोलतो कारण इथे चूक महागात पडते. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं, पुढे डिस्क मागे ड्रम, संपलं. आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं तेच 2019 मध्ये. नव्या गाडीची सवय असलेला पाय घाबरला की पूर्ण दाबतो, आणि तिथे ते बरोबरच आहे, पेडल थरथरतं, चाकं लॉक होत नाहीत, तुम्ही दाबून ठेवायचं आणि स्टेअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. जुन्या गाडीत तसाच पाय मारला की पुढची चाकं लॉक, आणि लॉक झालेल्या चाकाला स्टेअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच जाते, पावसात तर बघायलाच नको. म्हणून तिथे ब्रेक आधी सुरू करायचा, पेडल हळूहळू दाबत वाढवायचं, आणि चाक लॉक झाल्याचा आवाज आला की जीव मुठीत धरून पाय किंचित सैल करायचा, म्हणजे चाक परत फिरायला लागतं आणि वळता येतं. मन याच्या नेमकं उलट सांगत असतं, म्हणून याचाही सराव मोकळ्या, कोरड्या, सपाट जागी 30-40 च्या वेगाने करून घ्या, आणि पुढच्या गाडीशी अंतर नेहमीपेक्षा दुप्पट ठेवा.

घाट उतरताना जुन्या गाडीचे ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात, आधी जळका वास येतो, मग पेडल खोल जायला लागतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, ते पाणी उकळलं की पेडलखाली नुसती वाफ. दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि ज्या गियरमध्ये चढलात साधारण त्याच गियरमध्ये उतरा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणाऱ्या काकांचं ऐकू नका, ॲक्सिलरेटर सोडून गियरमध्ये उतरताना इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोल तसंही बंद होतं. चढताना तापमानाच्या काट्यावर एक डोळा, काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागला तर एसी बंद करा, तरी थांबला नाही तर गाडी बाजूला घ्या, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

वळणात एक गोष्ट विसरू नका, जुन्या गाडीला ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) नाही. वेग जास्त झाला म्हणून वळणाच्या मधेच ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग सरकू शकतो. नव्या गाडीत कॉम्प्युटर एकेका चाकाला ब्रेक लावून हे सावरतो, तुम्हाला कळतही नाही, डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा चमकून जातो. तो दिवा वारंवार दिसत असेल तर तुम्ही भारी चालवताय असं नाही. सावकाश आत, पाय स्थिर, बाहेर पडताना जोर, हा क्रम दोन्ही गाड्यांना चालतो, जुनीला तो लागतोच.

नव्या गाडीवर अन्याय नको. पावसाळ्यात, रात्री, घरचे सोबत असताना मी डोळे झाकून नवी घेईन, व्हर्टसला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे आहेत आणि जुन्या सिटीत एअरबॅग शोधत बसावं लागेल. नवीत मजा हवी असेल तर मॅन्युअल घ्या, घाटात आयडल स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय) बंद करा, डीएसजी असेल तर एस, म्हणजे स्पोर्ट, मोडला टाका. आणि वेगाची जाणीव हरवते हे लक्षात ठेवा, 80 ला जुनी गाडी ओरडून सांगत असते, नवी 110 लाही शांत.

विकत घ्यायचीच असेल तर कागद आधी. पंधरा वर्षं झाली की आरटीओत पासिंग, आरसी पाच वर्षांनी वाढवायची, वर पर्यावरण कर. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, तेव्हा पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्या, बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर आधी तेच बघा. पालिओ घेणार असाल तर पार्ट शोधण्याची तयारी ठेवा, सिटीचे त्यामानाने मिळतात.

आणि बघायला जाताना मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. मग चालू करताना एकाने मागे उभं राहायचं. थंडीतली पांढरी वाफ थोड्या वेळात गेली तर ठीक. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय, व्हीटेकवाल्या इंजिनाचा अर्धा भाव तिथेच कमी करा.