लहान आणि शांत एसएमपीएस घेण्याआधी

संगणकाच्या लहान कॅबिनेटसाठी एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, घ्यायचा असेल तर पैसे भरण्याआधी कॅबिनेटचे झाकण उघडावे, पट्टी घ्यावी आणि एसएमपीएसच्या जागेची लांबी मोजावी. पण मोजताना नुसता डबा धरू नये, त्यात केबलचे प्लग खोचल्यावर आणि केबल वळल्यावर जेवढी जागा लागते तेवढी धरावी. मागच्या वेळी माझ्याकडून नेमके हेच राहिले होते, म्हणून ते सर्वांत आधी लिहिले आहे आणि पुढेही येत राहील. एसएफएक्स आकाराचा डबा १२५ मिमी रुंद, १०० मिमी लांब आणि ६३.५ मिमी उंच असतो; एसएफएक्स-एल तेवढ्याच रुंदी-उंचीचा, पण १३० मिमी लांब असतो; नेहमीचा एटीएक्स १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि बहुधा १४० मिमी किंवा त्याहून लांब असतो. हे आकडे खोक्यावर छापलेले असतात, प्लगचा आकडा मात्र कुठेच छापलेला नसतो. मदरबोर्डाच्या केबलचा चोवीस पिनांचा जाड प्लग, त्यातून निघणाऱ्या ताठ तारा आणि त्यांचे वळण एवढ्याला डब्यापुढे आणखी तीन-चार सेंटिमीटर सहज लागतात. म्हणजे १३० मिमीचा डबा प्रत्यक्षात १६० ते १७० मिमी जागा खातो, आणि तेवढ्यात ग्राफिक्स कार्डाचे टोक आडवे आले की झाकण लागत नाही. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘एसएमपीएस १४० मिमीपर्यंत’ असे लिहिलेले असेल, तर तो आकडा केबलसह आहे की केबलविना, हे विक्रेत्याला विचारावे. आणि त्याने “बसतंय की, सर” असे सांगितले तरी स्वतः मोजावे. लातूर, नांदेड, परभणीकडे एसएफएक्स आकाराचा माल बहुतेक वेळा पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो, आणि एकदा खोके फोडले की “बसला नाही” हे कारण परतीसाठी कोणी ऐकून घेत नाही.

वॅटचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. प्रोसेसरच्या नावापुढे लिहिलेल्या ६५ वॅटवर मात्र जाऊ नये. इंटेलच्या कोअर आय५-१३४०० या प्रोसेसरचा मूळ आकडा ६५ वॅट असला तरी जोर लागल्यावर तो १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. त्यात आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाचे ११५ वॅट आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ढोबळ पन्नास मिळवले तर बेरीज तीनशेच्या थोडी वर जाते. अशा संगणकाला ४५० ते ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. थोडा मोठा घेतला तर पंखा सावकाश फिरतो, हे खरे; पण ८५० वॅटचा घेण्याचा आग्रह कोणी धरला तर कारण विचारावे.

शांततेचा विषय जास्त फसवा आहे. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती कार्यक्षमतेने वापरली जाते ते सांगतो, आवाजाविषयी तो काहीच सांगत नाही. त्याचा आवाजाशी संबंध येतो तो उष्णतेमुळे: संगणकाला ३०० वॅट देताना ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस साधारण ३३ वॅट उष्णतेत घालवतो, ८० टक्क्यांचा ७५ वॅट, आणि ती उष्णता बाहेर काढण्यासाठी पंख्याला पळावे लागते. आवाजाचे मोजमाप हवे असेल तर एसएमपीएस तपासणाऱ्या सायबेनेटिक्स या संस्थेची लॅम्डा श्रेणी पाहावी. तिच्यातली सर्वांत वरची ‘ए प्लस प्लस’ श्रेणी सरासरी १५ डेसिबलच्या आतल्या आवाजाला मिळते. मात्र ही मोजणी मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत झालेली नसते. कमी भारावर पंखा पूर्ण थांबवण्याची सोय आता पुष्कळ एसएमपीएसमध्ये असते. आपल्याकडे ती दिवाळीपासून होळीपर्यंत उपयोगी पडते, आणि बाहेर पारा ४२-४३ अंशांवर गेल्यावर पंखा काही थांबत नाही. म्हणून पूर्ण क्षमता किती अंश तापमानापर्यंत मिळते हे तपासावे. ४० अंशांचा आकडा आपल्याकडे अपुरा आहे, ५० अंशांचा असावा. पंख्याचा आकारही पाहावा. एसएफएक्समध्ये सहसा ९२ मिमीचा पंखा असतो आणि एसएफएक्स-एलमध्ये १२० मिमीचा. मोठा पंखा तेवढीच हवा कमी वेगात, म्हणून कमी आवाजात काढतो. पण एसएफएक्स-एल तीन सेंटिमीटर जास्त लांब असतो, तेव्हा पुन्हा पट्टी घ्यावी आणि प्लगसह मोजावे. फ्लेक्स एटीएक्स हा चिंचोळा प्रकार शांततेसाठी विचारातच घेऊ नये, कारण त्याचा ४० मिमीचा पंखा केकाटतो. पंख्याचे तोंड जाळीकडे यावे, बंद पत्र्याकडे नको. जाळीवर फिल्टर हवाच, कारण सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गावाकडे बसणाऱ्यांच्या पंख्यावर आठवडाभरात भुशाची साय धरते.

विजेचा विचार न करता आपल्याकडे एसएमपीएस घेणे म्हणजे अर्धीच तयारी. लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असावे. शेतीपंप सुरू झाल्यावर डीम होणाऱ्या लाइनवर असा एसएमपीएस तग धरतो, मागे व्होल्ट निवडायचा लाल सरकस्विच असलेला जुना स्वस्त प्रकार धरत नाही. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखी सुरळीत लहर देणारा, आहे का, हे आधी पाहावे. चौकोनी लहर देणाऱ्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज सुरळीत ओढणारे सर्किट) असलेला महागडा, शांत म्हणून आणलेला एसएमपीएस गुणगुणू लागतो, आणि कधी कधी संगणक सरळ बंद पडतो. इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवर ठेवावा, कारण त्यावर तो भार लवकर उचलतो. लाईट गेल्यापासून इन्व्हर्टरने भार उचलेपर्यंतचा काळ एसएमपीएसला स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो. एटीएक्सच्या मार्गदर्शक आराखड्यात ८० टक्के भाराला १७ मिलिसेकंदांची अपेक्षा आहे, आणि दुसऱ्या मोडवर इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. त्यानंतर अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस खराब आहे असे धरून परत पाठवू नये. त्यातल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अतिशय थोडा प्रवाह पत्र्यावर येतो, आणि अर्थिंग नसले तर तो हाताला जाणवतो. जुन्या वाड्यांत तिसरी पिन नुसती दिसायला असते, आणि जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथे काळ्या रानाला भेगा पडल्यावर तोही कोरडा पडतो. उन्हाळ्यात त्यात पाणी सोडावे आणि वायरमनकडून तपासून घ्यावे.

केबल सुट्या होणारा, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएस लहान कॅबिनेटला बरा, कारण नको असलेल्या तारांचा गुंता आत कोंबावा लागत नाही. पण सुटे होणारे प्लगच बाहेर डोकावतात, म्हणून मोजायचे ते प्लग खोचून. केबलची लांबीही पाहावी: एसएफएक्ससोबत येणारी चोवीस पिनांची केबल अनेकदा ३० सेंटिमीटरच असते, आणि मोठ्या कॅबिनेटमध्ये ती मदरबोर्डाच्या कडेला पोचत नाही. जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नयेत, मग त्या कितीही हुबेहूब बसोत. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी असते, आणि चुकीच्या पिनेत १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जळते. या बाबतीत “लावून तर बघू” चालत नाही.

बसवताना आधी सगळे प्लग खोचावेत, मग डबा आत सरकवावा. उलट केले तर बोटे जात नाहीत. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग शेवटपर्यंत दाबावा. स्क्रू, टाय, मागचा स्विच हे सांगायला नको. धूळ काढताना पंखा बोटाने धरावा, नाहीतर ब्लोअरने तो भन्नाट फिरून बेअरिंग जाते. डबा कधीही उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चारशे व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो. वॉरंटी पाच वर्षांची तरी असावी, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यावा, सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरात आहे की पुण्याला जावे लागेल ते आधी विचारावे. आणि झाकण प्लगसह लागते आहे हे पाहिल्याशिवाय खोके, थर्माकोल काहीही टाकू नये.